साउथ फोरलँडचे दीपगृह: डोव्हरच्या कड्यावरून दिसणारा समुद्र आणि त्यातला इतिहास

स्लाऊमधल्या मराठी घरांत पाहुणे आले की विंडसर आणि लंडन ही दोन ठिकाणे ठरलेली असतात. विंडसरचा किल्ला हाकेच्या अंतरावर आहे आणि लंडनला जायला गाडी कधीही मिळते. अडचण येते ती समुद्राची. ब्रिटन हे बेट असले तरी स्लाऊपासून कोणताही किनारा जवळ नाही, आणि समुद्र पाहायचा म्हटले की बहुतेकांची गाडी ब्रायटनकडे किंवा बोर्नमथकडे वळते. डोव्हर हे नाव घेतले जाते ते फ्रान्सला जाणाऱ्या फेरीबोटीच्या संदर्भात. तिथले जगप्रसिद्ध पांढरे कडे बोटीच्या डेकवरून पाहिले जातात, छायाचित्र काढले जाते आणि प्रवास पुढे चालू राहतो.

त्याच कड्यांच्या माथ्यावरून सुमारे दोन मैल चालत गेले की साउथ फोरलँडचे दीपगृह लागते. स्वच्छ हवेच्या दिवशी तिथून फ्रान्सचा किनारा दिसतो. इंग्लिश खाडीची सर्वांत अरुंद जागा हीच आहे, पलीकडचे काप ग्री-ने हे फ्रेंच टोक इथून अवघ्या ३३ किलोमीटरवर आहे. दृश्यासाठी म्हणूनच लोक येतात आणि ते दृश्य कुणालाही निराश करत नाही. परंतु समोरच्या पाण्याखाली काय आहे हे ठाऊक असेल, तर हा मनोरा इथे का उभारला गेला आणि त्याचा दिवा पुढे का विझला, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या एकाच दृश्यात मिळतात.

स्लाऊच्या रहिवाशाने हा प्रवास आगगाडीने करावा, असे सुचवण्याला सोयीखेरीज आणखी एक कारण आहे. स्लाऊ ते पॅडिंग्टन हा लोहमार्ग तारायंत्राच्या इतिहासात अजरामर झालेला आहे. १८४३ मध्ये कुक आणि व्हीटस्टन यांची विद्युत तार या मार्गाने स्लाऊपर्यंत पोहोचली. १ जानेवारी १८४५ रोजी स्लाऊच्या सॉल्ट हिल भागात एका स्त्रीचा विष देऊन खून झाला आणि संशयित जॉन टॉवेल लंडनची गाडी पकडून निघून गेला. गाडीपेक्षा वेगाने जाऊ शकेल असे तोवर काहीच नव्हते. पण स्लाऊच्या स्टेशनातून त्याचे वर्णन तारेने पॅडिंग्टनला गेले, तिथे त्याच्यावर पाळत ठेवली गेली आणि दुसऱ्या दिवशी तो पकडला गेला. टॉवेलचा पोशाख क्वेकर पंथीयांसारखा होता. त्या यंत्रात ‘क्यू’ हे अक्षरच नसल्याने तो शब्द चुकीच्या स्पेलिंगने पाठवावा लागला, हा तपशील त्या काळी बराच गाजला. तारेने पकडून दिलेला गुन्हेगार म्हणून टॉवेलचे नाव राहिले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये त्याला फाशी झाली. या घटनेनंतर अर्ध्या शतकाने संदेशाला तारेचीही गरज उरली नाही, आणि ती कथा साउथ फोरलँडच्या मनोऱ्यात घडली. ती पुढे येईलच.

डोव्हर प्रायरी स्टेशनावर उतरून बंदराच्या कडेने चालत गेले आणि चढ चढला की लँग्डन क्लिफ्स येथे नॅशनल ट्रस्टचे पर्यटक केंद्र आहे. गाडीने येणाऱ्यांनाही वाहन इथेच ठेवावे लागते, दीपगृहापाशी वाहनतळ नाही. पहिल्या काही मिनिटांत पायाखाली बंदर असते. फेरीबोटी वळतात, मालवाहू ट्रक मुंग्यांसारखे रांगेत सरकतात, भोंगे ऐकू येतात. नंतर वाट लँग्डन होल नावाच्या खोलगट भागाला वळसा घालून पुढे जाते आणि बंदराचा गोंगाट मागे पडतो. उरतात ती वाऱ्याने वाकलेली खुरटी झुडपे, चंडोलाचा आवाज आणि चरणारी एक्समूर जातीची तट्टे. ही तट्टे शोभेसाठी ठेवलेली नाहीत. खडूच्या जमिनीवरचे गवत आखूड राहिले तरच तिथली दुर्मीळ रानफुले आणि त्यांच्यावर जगणारी फुलपाखरे टिकतात, म्हणून नॅशनल ट्रस्टने त्यांना चरायला सोडले आहे.

सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला ही वाट अवघड वाटणार नाही. उतार-चढ आहेत, पण रॉक पॅच नाही, घसारा नाही. वेगळेपणा आहे तो खडकाचा. सह्याद्रीचा काळा कातळ हा लाव्हारसाच्या थरांचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. डोव्हरचे कडे त्याहून जुने आहेत. उबदार समुद्राच्या तळाशी सूक्ष्म शेवाळांची चुनखडीची कवचे साचत गेली आणि त्यांचा खडू झाला. अक्षरशः तोच पदार्थ, जो बोटाला लागतो. या पांढऱ्या भिंतीत मधूनमधून काळ्या गारांच्या आडव्या रेघा दिसतात. कडे इतके शुभ्र राहतात, कारण ते सतत ढासळत असतात. ढासळणे थांबले तर काही वर्षांत त्यांच्यावर गवत आणि झुडपे चढतील. ज्या पांढरेपणासाठी पर्यटक येतात, तो कड्याच्या झिजेचाच परिणाम आहे.

म्हणूनच काठाविषयी दोन शब्द अधिक. काठावर गवत असते आणि ते भक्कम वाटते. प्रत्यक्षात त्या गवताखालचा खडू वाऱ्या-पावसाने आणि लाटांनी पोखरलेला असू शकतो, आणि वर उभ्या असलेल्या माणसाला ते दिसत नाही. मार्च २०१२ मध्ये लँग्डन क्लिफ्स आणि साउथ फोरलँड यांच्या दरम्यानचा कड्याचा मोठा भाग समुद्रात कोसळला. फेब्रुवारी २०२१ मध्ये डोव्हरजवळ पुन्हा दरड पडली. जून २०१७ मध्ये पश्चिमेकडच्या ससेक्स परगण्यातल्या सेव्हन सिस्टर्सच्या कड्यावर छायाचित्रासाठी उडी मारताना एका परदेशी विद्यार्थिनीचा काठावरून पडून मृत्यू झाला. त्याच ससेक्समध्ये बीची हेडजवळचे बेल टाउट हे जुने दीपगृह कड्याच्या काठाशी इतके आले होते की १९९९ मध्ये ती संपूर्ण इमारत रुळांवरून १७ मीटर मागे सरकवावी लागली. राजगडाच्या किंवा हरिश्चंद्रगडाच्या कड्यावर पालथे पडून खाली डोकावण्याची सवय असलेल्यांनी ती सवय इथे आणू नये. कोकणकड्याचा दगड माणसाचे वजन सहज पेलतो. खडूवर तो भरवसा ठेवता येत नाही. आखलेली वाट काठापासून आत आहे आणि दृश्य तिथूनही तेवढेच दिसते.

दीपगृहाच्या अलीकडे फॅन बे लागते. दुसऱ्या महायुद्धात इथल्या तोफखान्याच्या सैनिकांसाठी खडू पोखरून जमिनीखाली खोल आश्रयस्थान खोदण्यात आले होते. युद्धानंतर ते बुजवले गेले आणि विस्मरणात गेले. २०१२ मध्ये नॅशनल ट्रस्टने लोकवर्गणीतून हा कड्याचा पट्टा विकत घेतल्यावर त्याचा पुन्हा शोध लागला आणि २०१५ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. बाहेर काँक्रीटच्या दोन मोठ्या वाटोळ्या तबकड्या आहेत. रडार येण्यापूर्वी येणाऱ्या विमानांचा आवाज गोळा करून तो ऐकण्यासाठी त्या बांधल्या होत्या. आश्रयस्थान पाहायचे असल्यास ते त्या काळात उघडे आहे का हे आधी पाहावे. तसे पाहिले तर त्यासाठी वेगळा दिवस हवा.

वाळूचा सापळा

दीपगृहाची पांढरी, चौथऱ्यावर बांधल्यासारखी दिसणारी इमारत जवळ आली की पहिल्यांदा थोडा विरस होतो. मनोरा जेमतेम २१ मीटर उंच आहे. चित्रातली दीपगृहे उंच आणि सडपातळ असतात, हे तसे नाही. पण खाली कडाच इतका उंच आहे की दिवा समुद्रसपाटीपासून ११४ मीटरवर येतो. उंची निसर्गाने दिली, माणसाने त्यावर कंदील ठेवला.

तो कशासाठी, हे समजून घ्यायला ईशान्येकडे पाहावे लागते. डील गावासमोरच्या समुद्रात, किनाऱ्यापासून काही मैलांवर, गुडविन सँड्स नावाचा वाळूचा पट्टा आहे. त्याची लांबी सुमारे दहा मैल आहे. भरतीला तो पाण्याखाली पूर्ण नाहीसा होतो आणि ओहोटीला त्याचे काही भाग उघडे पडतात. उघडी वाळू इतकी घट्ट असते की एकोणिसाव्या शतकापासून हौशी मंडळींनी तिथे क्रिकेटचे सामने खेळले आहेत, अर्थात भरतीची वेळ गाठायच्या आत आटोपून. पाणी परत आले की तीच वाळू मऊ होते आणि रुतलेले जहाज गिळू लागते. शिवाय हा पट्टा स्थिर नाही, तो सरकत राहतो.

आणि या सापळ्याला लागूनच सर्वांत सुरक्षित आसरा आहे. गुडविन आणि किनारा यांच्या मधल्या पाण्याला ‘डाउन्स’ म्हणतात. शिडाच्या जहाजांच्या काळात अनुकूल वाऱ्याची वाट पाहत शेकडो जहाजे इथे नांगर टाकून उभी राहत. मुंबईला किंवा सुरतेला निघालेली ईस्ट इंडिया कंपनीची जहाजेही त्यांत असत. नांगर तुटला तर मात्र वाळू काही मैलांवरच असे. नोव्हेंबर १७०३ च्या महावादळात ब्रिटिश नौदलाची चार मोठी जहाजे गुडविनवर आदळून फुटली आणि हजारांहून अधिक खलाशी एका रात्रीत बुडाले. किनाऱ्यावरचे लोक पाहत राहिले. दुसरे काही करणे त्यांना शक्य नव्हते.

साउथ फोरलँडवर पहिला प्रकाश लागला तो १६३५ नंतर, पहिल्या चार्ल्स राजाच्या परवानगीने. तेव्हा तो उघड्यावर पेटवलेल्या कोळशाचा जाळ होता. जाळ एक नव्हता, दोन होते, एक वर आणि एक खाली. यामागची युक्ती कोकणातल्या कोळ्याला सांगावी लागणार नाही. किनाऱ्यावरचे देऊळ आणि मागचा डोंगर या दोन खुणा एका रेषेत धरून होडी खाडीच्या मुखात घालण्याची रीत तीच आहे. वरचा दिवा खालच्या दिव्याच्या बरोबर डोक्यावर दिसला, की आपण गुडविनच्या दक्षिण टोकाच्या रेषेवर आहोत हे कप्तानाला कळे. त्या रेषेच्या धोक्याच्या बाजूला गेल्यास वाळू होती.

आजची इमारत १८४० च्या दशकातली. खालचा मनोरा आजही उभा आहे, मात्र तो खासगी मालकीचा आहे आणि कड्याची झीज होत होत काठ त्याच्या अगदी जवळ आला आहे. त्याचा दिवा १९०४ मध्येच बंद झाला. कारण वाळू सरकली होती आणि दोन दिव्यांनी दाखवलेली रेषा आता सुरक्षित राहिली नव्हती.

फॅरेडेची बर्फातली पायपीट

साउथ फोरलँडचे नाव विज्ञानाच्या इतिहासात आहे ते दोन प्रयोगांमुळे. पहिला विजेच्या दिव्याचा. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. म्हणजे चुंबकाजवळ तारेचे वेटोळे फिरवले की वीज निर्माण होते, हे दाखवले. पुढे ते इंग्लंड आणि वेल्सची दीपगृहे सांभाळणाऱ्या ट्रिनिटी हाउस या संस्थेचे वैज्ञानिक सल्लागार झाले. १८५० च्या दशकात फ्रेडरिक होम्स याने मोठमोठे चुंबक आणि वाफेचे इंजिन वापरून वीज तयार करणारे यंत्र पुढे आणले. कार्बनच्या दोन कांड्यांच्या टोकांमध्ये त्या विजेची प्रखर ज्योत पेटत असे. ८ डिसेंबर १८५८ रोजी साउथ फोरलँडच्या वरच्या मनोऱ्यातून हा प्रकाश समुद्रावर पडला. दीपगृहात विजेचा दिवा लागल्याचे ते पहिले उदाहरण. ज्या तत्त्वावर आज घरोघरी वीज येते, त्याचा इतका व्यवहारी आणि इतका सार्वजनिक उपयोग त्याआधी फारसा झालेला नव्हता.

प्रयोग चालू असताना तो प्रत्यक्ष पाहणे फॅरेडे यांना आवश्यक वाटले. फेब्रुवारी १८६० मध्ये ते डोव्हरला निघाले, तेव्हा त्यांचे वय ६८ होते. वाटेत हिमवादळाने गाडी अडकता अडकता वाचली. दीपगृहाकडे जाणारे रस्ते बर्फाने बंद झालेले पाहून ते लंडनला परतले आणि त्याच आठवड्यात पुन्हा आले. रस्ते तरीही मोकळे नव्हते. मग कुंपणे, भिंती आणि शेते ओलांडत ते मनोऱ्यापर्यंत पोहोचले आणि आपली निरीक्षणे पूर्ण केली. नॅशनल ट्रस्टने आखून दिलेल्या वाटेवर, बूट चिखलाने भरले म्हणून कुरकुरणाऱ्या तरुण सदस्यांना हा प्रसंग सांगायला हरकत नाही.

विजेच्या दिव्याची ही पहिली फेरी मात्र सरळ यशाची नव्हती. यंत्रे अवजड होती, इंजिनासाठी वेगळी माणसे लागत, खर्च तेलाच्या दिव्यापेक्षा अधिक होता. साउथ फोरलँडला कायमची वीज १८७२ मध्ये आली. शोध, प्रयोग आणि रोजचा वापर यांमध्ये किती वर्षे जातात, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचित सापडते: १८३१, १८५८, १८७२.

तारेशिवाय

दुसरा प्रयोग गुग्लिएल्मो मार्कोनी यांचा. गुडविनच्या धोक्याची सूचना देण्यासाठी वाळूच्या आसपास दीपनौका नांगरून ठेवलेल्या असत. त्यांच्यावरच्या खलाशांना बुडणारे जहाज दिसे, पण किनाऱ्याला कळवायचे साधन तोफ किंवा अग्निबाण एवढेच. दाट धुक्यात तेही निरुपयोगी. समुद्राखालून तार टाकून पाहिली होती, पण वाऱ्या-लाटांत नौका नांगराभोवती फिरत राही आणि तार तुटे. मार्कोनी यांनी साउथ फोरलँडच्या दीपगृहात आपले यंत्र बसवले आणि दुसरे सुमारे १२ मैलांवरच्या ईस्ट गुडविन दीपनौकेवर. डिसेंबर १८९८ मध्ये, नाताळच्या तोंडावर, दोन्हींचा संपर्क जुळला. जहाज आणि किनारा यांच्यातला हा बिनतारी संवाद पुढे जगभरच्या नौकानयनाचा कणा ठरला.

मार्च १८९९ मध्ये दोन गोष्टी घडल्या. फ्रान्सच्या विमरू गावातून पाठवलेला बिनतारी संदेश सुमारे ४५ किलोमीटरची खाडी ओलांडून याच मनोऱ्यात पोहोचला. एका देशातून दुसऱ्या देशात समुद्रापार गेलेला तो पहिला बिनतारी संदेश. त्याच महिन्यात ‘एल्ब’ हे जर्मन जहाज धुक्यात गुडविनवर रुतले. दीपनौकेने साउथ फोरलँडला कळवले आणि रॅम्सगेटहून मदतीची बोट निघाली. एप्रिलच्या अखेरीस तर दीपनौकेवरच एक जहाज आदळले आणि तिने स्वतःसाठी मदत मागितली. पूर्वी कुणालाही न कळता बुडालेली माणसे आता कळवू शकत होती.

या घटनांचा धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. १९२७ मध्ये मार्कोनी यांच्या ‘बीम’ पद्धतीने ब्रिटन आणि भारत यांच्यात थेट बिनतारी तारसेवा सुरू झाली. भारताच्या बाजूला संदेश पाठवणारे केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि संदेश घेणारे केंद्र दौंडला होते. समुद्राखालच्या तारांच्या मक्तेदारीला त्यामुळे धक्का बसला आणि तारेचे दर खाली आले. ब्रिटनमध्ये शिकायला आलेल्या किती विद्यार्थ्यांच्या परीक्षेच्या निकालाच्या किंवा घरच्या आजारपणाच्या तारा खडकी आणि दौंडवरून गेल्या असतील, याची गणती कुणी ठेवलेली नाही. भारताची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आता तोच निरोप व्हॉट्सॲपवर जातो.

विझलेला दिवा, जागता समुद्र

१७३० पासून नॉट या घराण्यातल्या अनेक पिढ्यांनी साउथ फोरलँडचा दिवा राखला. त्यांचे नाव आता इथल्या चहाच्या खोलीला आहे. दिव्याचा शेवट ३० सप्टेंबर १९८८ रोजी झाला. जहाजांवरची उपकरणे इतकी सुधारली होती की या प्रकाशाची गरज राहिली नाही. पुढल्या वर्षी नॅशनल ट्रस्टने इमारत ताब्यात घेतली. आज मार्गदर्शकासोबत अरुंद जिना चढून वर जाता येते. भिंगांचा तो प्रचंड पिंजरा आणि वजनांच्या जोरावर तो फिरवणारी, घड्याळासारखी किल्ली द्यावी लागणारी यंत्रणा जवळून पाहता येते. ज्याला यंत्रांत रस आहे तो इथे सहज तासभर रमतो.

सज्जावरून समुद्र पाहताना एक गंमत लक्षात येते. ब्रिटनमध्ये वाहने डावीकडून चालतात, पण जहाजे उजवीकडून. १९६७ पासून या सामुद्रधुनीत येण्याजाण्याचे दोन स्वतंत्र पट्टे ठरलेले आहेत, जगातली अशी ही पहिली व्यवस्था. इंग्लंडच्या बाजूने जाणारी जहाजे नैर्ऋत्येला, अटलांटिककडे निघालेली असतात, फ्रान्सच्या बाजूची उत्तर समुद्राकडे. दिवसाला चारशेहून अधिक व्यापारी जहाजे इथून जातात आणि त्यांना आडवी छेदत फेरीबोटी धावत असतात. समुद्रातला हा महामार्ग आता डोव्हरच्या तटरक्षक केंद्रातून रडारवर पाहिला जातो.

याच पाण्यातून काही पोहूनही गेले. पुण्याचा रोहन मोरे २०१४ मध्ये ही खाडी पोहला आणि २०१८ मध्ये जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्या पोहून पूर्ण करणारा पहिला आशियाई ठरला. कड्यावर उभे राहून ३३ किलोमीटरचे ते करडे, थंड पाणी पाहिले की या विक्रमाचा अर्थ बातमीपेक्षा जास्त कळतो. प्रवाहांमुळे पोहणाऱ्याला प्रत्यक्षात यापेक्षा बरेच अधिक अंतर कापावे लागते.

आणि काही जण पोहोचलेच नाहीत. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी रबरी होडीतून फ्रान्सहून निघालेले किमान २७ स्थलांतरित याच खाडीत बुडाले. त्यांच्याजवळ फोन होते आणि त्यांनी मदतीसाठी फोन केलेही होते. मार्कोनींच्या यंत्राने सोडवलेला प्रश्न, संकटातल्या माणसाचा आवाज किनाऱ्यापर्यंत पोहोचवण्याचा, त्या रात्री तंत्राच्या पातळीवर शिल्लक नव्हता. ब्रिटनच्या राजकारणात या होड्यांवर रोज बोलले जाते. विमानतळावरून, शिक्का मारलेला व्हिसा घेऊन आलेल्या आपल्यासारख्या स्थलांतरितांनी ही वाट चालताना ते पाणी थोडा वेळ तरी त्या नजरेने पाहण्यासारखे आहे.

मराठी माणसाला दीपगृह नवे नाही. अलिबागजवळच्या थळसमोरच्या खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये किल्ला बांधायला घेतला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी तो होऊ नये म्हणून आरमार पाठवले आणि त्यांना माघार घ्यावी लागली. पुढे राज्य इंग्रजांचे झाल्यावर १८६७ मध्ये त्याच बेटावर दीपगृह उभे राहिले. त्याला आज कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे. रेवदंड्याजवळ कोर्लईच्या पोर्तुगीज किल्ल्याची वाट दीपगृहाच्या शेजारूनच जाते, जयगडला १९३२ चे दीपगृह आहे, गोव्यात आग्वादचे १८६४ चे. फरक असा की कोकणातले बहुतेक दिवे अजून रोज संध्याकाळी लागतात. कामावर असलेल्या दिव्याभोवती नियम असतात आणि पाहुण्याला त्यात जागा करून घ्यावी लागते. साउथ फोरलँड सेवानिवृत्त झाल्यामुळेच ते इतके मोकळेपणाने पाहता येते. सुटीवर भारतात गेल्यावर कोर्लई जरूर पाहावे, आणि शक्यतो साउथ फोरलँड पाहिल्यानंतर. भिंग कसे काम करते हे इथे कळते, ते काम करताना तिथे दिसते.

जाण्यापूर्वी

स्लाऊहून एलिझाबेथ लाइनने थेट फॅरिंग्डन, तिथून थेम्सलिंकने एक स्टेशन पुढे सेंट पँक्रस, आणि सेंट पँक्रसहून वेगवान गाडीने सुमारे सव्वा तासात डोव्हर प्रायरी, हा मार्ग सोयीचा आहे. पॅडिंग्टनला उतरून जिने चढउतार करण्यापेक्षा बरा. मोटारीने साधारण दोन तास लागतात, पण शाळांच्या सुट्या सुरू होतात त्या शनिवारी डोव्हरच्या रस्त्यांवर फेरीसाठी जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. तो दिवस टाळावा. दीपगृहाचे उघडे असण्याचे दिवस ऋतूनुसार बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी नॅशनल ट्रस्टच्या संकेतस्थळावर खात्री करावी. वरून पाहायचे ते मनोऱ्यातूनच असे नाही, बंद असले तरी चालणे वाया जात नाही.

वाट मातीची आणि उंचसखल आहे. बाळाची गाडी तिथे ओढणे त्रासाचे होते. भारतातून आलेल्या आई-वडिलांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना लँग्डन क्लिफ्सच्या पर्यटक केंद्रापाशी बसवून बंदर दाखवणे उत्तम, तिथूनही फ्रान्स दिसतो. वारा जवळजवळ नेहमी असतो, ऊन असले तरी अंगावर जाकीट हवे. कड्यावर कुणी अडचणीत सापडलेले दिसले तर स्वतः खाली उतरू नये, ९९९ ला फोन करून तटरक्षक दल मागावे.

फोनबद्दल आणखी एक. इथे मोबाइल फ्रान्सच्या टॉवरला जाऊन चिकटतो आणि फ्रान्समध्ये स्वागत असल्याचा संदेश येतो. ज्यांच्या योजनेत युरोपातले रोमिंग महाग आहे त्यांनी डेटा बंद ठेवावा. फोनचे घड्याळही आपोआप फ्रान्सच्या वेळेवर जाऊन तासभर पुढे सरकते, तेव्हा चहा अर्धवट टाकून परतीच्या गाडीसाठी धावत सुटण्यापूर्वी मनगटावरचे घड्याळ पाहावे.